ॲप टॅक्सीच्या अपघातात प्रवासी जखमी झाला, तर भरपाई नक्की कोणाकडून मागायची?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही गफलत असेल तर लगेच दिसेल. ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीत तुम्ही मागच्या सीटवर बसला होतात, पट्टा लावलेला नव्हता. आडव्या रस्त्याने टेम्पो अचानक पुढे आला, टॅक्सीही वेगात होती, आणि धडक झाली. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन करून रॉड घातला. पोलिसांनी गुन्हा टेम्पोचालकावर नोंदवला. आता टेम्पोची विमा कंपनी म्हणते, टॅक्सीचा वेग जास्त होता. टॅक्सीची विमा कंपनी म्हणते, एफआयआर वाचा, चूक टेम्पोची आहे. शिवाय आमच्या चालकाकडे बॅज (भाड्याचं वाहन चालवण्याची वेगळी परवानगी) नव्हता. ॲप कंपनी म्हणते, आम्ही फक्त मध्यस्थ, तरी सदिच्छा म्हणून ७५ हजार देतो, या कागदावर सही करा. हॉस्पिटलचं बहुतेक बिल मेडिक्लेममधून भागलं, त्यामुळे घरचे म्हणतात की आता मागण्यासारखं उरलंय काय. तुमचं वय ३८, काम कंत्राटी साइट सुपरवायझरचं, पगार महिना ३२ हजार. अपघाताला साडेचार महिने झालेत.

मोटार अपघात दाव्यांचं काम मी बरीच वर्षं करतो, बहुतेक वेळा जखमींच्या किंवा मृताच्या कुटुंबाच्या बाजूने. त्यावरून सांगतो, ‘तिघांपैकी पैसे कोण देणार’ हा तुमच्यापुढचा खरा प्रश्न नाही. कायद्याने तो तुमच्यापुरता बऱ्याच अंशी सोडवून ठेवला आहे. खरी काळजी दोन गोष्टींची करा: दावा दाखल करायची मुदत, आणि समोर ठेवलेला तो सहीचा कागद.

मुदतीचं आधी बोलू. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली आणि दाव्यांविषयीचा भाग १ एप्रिल २०२२ पासून अमलात आला. तेव्हापासून कलम १६६ खालचा भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. या मुदतीलाच सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, आणि त्या प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत केवळ उशिराच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. ज्यांची मुदत आधीच उलटून गेली, त्यांना हा मोठा दिलासा आहे. पण तुमच्या हातात अजून दीड महिना आहे. अंतरिम आदेश कधीही बदलू शकतो. त्याच्या भरवशावर एक दिवसही घालवू नका. सगळे कागद जमले नाहीत म्हणून अर्ज थांबवायची गरज नसते. अपंगत्वाचा दाखला, पुढची बिलं नंतर जोडता येतात. अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा, आणि तो अपघाताच्या ठिकाणीच करावा लागतो असं नाही. तुम्ही राहता किंवा काम करता त्या हद्दीतलं न्यायाधिकरणही चालतं. पायाला रॉड असताना दुसऱ्या जिल्ह्यात तारखांना फिरण्यापेक्षा हे किती सोयीचं आहे, ते वेगळं सांगायला नको.

काही जण म्हणतील, पोलिसच न्यायाधिकरणाला अहवाल पाठवतात, वेगळा अर्ज कशाला? ते अर्धं खरं आहे. २०२२ च्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा असतो, आणि न्यायाधिकरण तो अहवालच अर्ज म्हणून धरू शकतं. पोलिस ठाण्यात जाऊन हे अहवाल गेले का ते विचारा आणि त्यांच्या प्रती मागा. पण ते गेले असतील या समजुतीवर स्वस्थ बसू नका. स्वतःचा अर्ज स्वतः करा.

आता सहीचा कागद. ७५ हजार ही रक्कम मी वाईट म्हणत नाही. बघायचं ते कागदावर काय लिहिलंय. ‘या अपघातासंबंधी माझी कोणाही विरुद्ध कोणतीही मागणी शिल्लक नाही’ अशा अर्थाचं वाक्य त्यात असेल, तर तुम्ही ७५ हजार घेऊन त्याच्या कितीतरी पट मोठ्या हक्कावर पाणी सोडायला निघाला आहात. त्यांना लेखी कळवा की ही रक्कम तातडीची मदत म्हणून घ्यायला मी तयार आहे, पण वाहनमालक आणि विमा कंपन्या यांच्याविरुद्धचा माझा दावा त्यामुळे कमी होणार नाही, हे पावतीत लिहून द्या. देतील तर घ्या. नाही दिलं तर सही करू नका. असाच सापळा विमा कंपनीच्या बाजूनेही येऊ शकतो. कलम १६४ खाली कोणाची चूक हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख मिळतात. ऐकायला बरं वाटतं, पण ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालचा तुमचा अर्ज संपुष्टात येतो. ज्याला चूक सिद्ध करणं खरोखरच अशक्य आहे, त्याच्यासाठी ती सोय चांगली. तुमच्यासाठी नाही.

पैसे कोण देणार, याकडे वळतो. इंटरनेटवर या विषयावर वाचायला गेलं की बहुतेक माहिती अमेरिकेतली सापडते, आणि तिने फार घोळ होतो. तिथे चालकाचं ॲप बंद होतं, चालू होतं, की प्रवास स्वीकारलेला होता, यावर कुठला विमा लागू होणार ते ठरतं. प्रवास चालू असताना अनेक राज्यांत दहा लाख डॉलरपर्यंतचं दायित्व संरक्षण असतं, आणि चालकाची खासगी पॉलिसी अशा वेळी सहसा अंग काढून घेते. आपल्याकडे मांडणीच वेगळी आहे. सक्तीचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या इजेचा विमा, गाडीबरोबर चालतो. ॲप चालू होतं की बंद, याने त्यात फरक पडत नाही. आणि कलम १४७ प्रवासी वाहनातल्या प्रवाशाच्या मृत्यू व दुखापतीचं दायित्व या सक्तीच्या विम्यातच घालतं. म्हणजे भाडं देऊन टॅक्सीत बसलेला माणूस विम्याच्या कक्षेत कायद्यानेच येतो. कोणी मेहेरबानी म्हणून त्याला आत घेत नाही. शारीरिक इजेसाठी या विम्याला ठराविक रुपयांची वरची मर्यादाही नसते. न्यायाधिकरण जी योग्य भरपाई ठरवेल, ती द्यायची.

ॲप कंपनी ज्याला ‘ट्रिप इन्शुरन्स’ म्हणते, ते प्रकरण निराळं. तो बहुधा वैयक्तिक अपघात विमा असतो: मृत्यू, कायमचं अपंगत्व, हॉस्पिटलचा खर्च, प्रत्येकाला ठरलेली मर्यादा. चूक कोणाची हे तिथे बघत नाहीत. केंद्राच्या २०२५ च्या ॲग्रीगेटर (म्हणजे ॲप टॅक्सी कंपन्यांसाठीच्या) मार्गदर्शक सूचनांत प्रवाशासाठी किमान पाच लाखांच्या विम्याची तरतूद अपेक्षित आहे. तुमच्या प्रवासाला असा विमा होता का, पॉलिसी क्रमांक काय, क्लेम कळवायची मुदत किती, हे कंपनीकडे लेखी विचारा. तो मिळाला तर जरूर घ्या, पण तो थर्ड पार्टी दाव्याची जागा घेत नाही. तुमच्याच बाबतीत सांगायचं तर तीन वेगळी खाती आहेत: टेम्पो आणि टॅक्सी यांच्या थर्ड पार्टी पॉलिसी हे मोठं खातं, ॲपचा ट्रिप विमा हे मधलं, आणि तुमचा स्वतःचा मेडिक्लेम हे तिसरं. लोक यांची सरमिसळ करतात आणि एकातून काही मिळालं की दुसऱ्याचं दार बंद झालं असं समजतात.

मग चूक कोणाची, टेम्पोची की टॅक्सीची? तुम्हाला दोन्हीकडून मिळालेलं उत्तर मी असंख्य वेळा ऐकलं आहे, आणि प्रवाशाने त्या भांडणात पडायचंच नसतं. दोन वाहनांच्या निष्काळजीपणाने तिसऱ्याला इजा झाली, तर त्याला संयुक्त निष्काळजीपणा म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली खेन्येई विरुद्ध न्यू इंडिया ॲश्युरन्स या प्रकरणात स्पष्ट केलं की असा जखमी माणूस संपूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाही एकाकडून वसूल करू शकतो. दोघांनी आपापसात वाटणी कशी करायची, तो त्यांचा व्यवहार. तरी माझा आग्रह असतो की दोन्ही वाहनांचे मालक, चालक आणि दोन्ही विमा कंपन्या यांना जाबदार, म्हणजे दाव्यात प्रतिपक्ष, करावं. एकालाच जाबदार केलं की गैरहजर वाहनावर खापर फोडणं त्याला सोपं जातं, आणि पुढे वर्षं उलटल्यावर दुसऱ्याला आत आणायची धावपळ होते. एफआयआर टेम्पोचालकावर आहे म्हणून टॅक्सी सुटली, असंही नाही. एफआयआर हा तपासाचा आरंभ आहे. न्यायाधिकरण घटनास्थळाचा पंचनामा, नकाशा, वाहनांचं नुकसान कुठल्या बाजूला आहे, आणि तुमची साक्ष हे सगळं बघतं, आणि फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा मागत नाही. शक्यतेचं पारडं कुठे झुकतं तेवढं पाहतं. टेम्पोचालक उद्या फौजदारी कोर्टातून निर्दोष सुटला, तरी तुमचा दावा त्याने बुडत नाही.

सीटबेल्टचा मुद्दा मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि तो मी गोड करून सांगणार नाही. मागच्या सीटवरही पट्टा सक्तीचा आहे. विमा कंपनीचा वकील हे उलटतपासात विचारणार आणि तुमच्या अंशदायी निष्काळजीपणापोटी (म्हणजे इजेत तुमचाही वाटा होता म्हणून) काही टक्के कापायला सांगणार. तिथे प्रश्न असा असतो की पट्टा नसल्यामुळे ही इजा झाली किंवा वाढली, याचा पुरावा काय? अपघात घडण्यात तुमचा काहीच हात नव्हता. दरवाजाच्या बाजूने धडक बसून मांडी चेंगरली असेल, तर पट्ट्याने फारसा फरक पडला नसता, आणि ते तुमच्या सर्जनकडून साक्षीत आणता येतं. समोरच्या सीटवर आदळून हाड मोडलं असेल, तर युक्तिवाद अवघड होतो आणि थोडी कपात होऊ शकते. काहीही असो, खोटं बोलू नका. हॉस्पिटलच्या पहिल्या नोंदीत ‘पट्टा नव्हता’ असं कुठेतरी लिहिलेलं निघतं, आणि मग बाकीच्या खऱ्या साक्षीवरचाही विश्वास जातो.

बॅजचं कारण तर आता जवळपास निकालात निघालेलं आहे. हलकं मोटार वाहन चालवायचा परवाना असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंतचं परिवहन (व्यावसायिक) वाहनही चालवू शकतो, वेगळी नोंद लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये रंभा देवी प्रकरणात ठरवलं. टॅक्सीची मोटार त्या वजनाच्या कितीतरी खाली असते. परवानाच बनावट किंवा मुदतबाह्य असेल, तर मामला थोडा गंभीर. पण स्वर्ण सिंग प्रकरणाच्या २००४ च्या निकालापासून तत्त्व ठरलेलं आहे की मालकाने जाणूनबुजून अटी मोडल्या हे विमा कंपनीने सिद्ध करायचं, आणि ते सिद्ध झालं तरी न्यायाधिकरण कंपनीला आधी जखमीचे पैसे भरायला लावून मग मालकाकडून वसूल करायला सांगू शकतं. ‘पे अँड रिकव्हर’ म्हणतात ते हेच. परमिट नसेल तेव्हाही न्यायालयांनी हाच मार्ग घेतलेला आहे.

मला खरी भीती वाटते ती पांढऱ्या नंबर पाटीची. खासगी नोंदणीची मोटार किंवा दुचाकी भाड्याने चालवली जात असेल, आणि तिच्यावर फक्त सक्तीची थर्ड पार्टी पॉलिसी असेल, तर आत बसलेल्या माणसाचं दायित्व त्या पॉलिसीत येतच नाही असा युक्तिवाद कंपनी करते, आणि तो हलका नसतो. सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर परिस्थिती बरीच सुधारते, तरी ‘भाड्याने वापर’ हा अटभंगाचा मुद्दा राहतोच. तुमच्या टॅक्सीची पाटी कुठल्या रंगाची होती, ते लिहिलेलं नाही. एम-परिवहन ॲपवर नंबर घालून आज रात्रीच बघा: वाहनाचा वर्ग, विमा कुठल्या कंपनीचा, अपघाताच्या तारखेला चालू होता का, फिटनेस आणि परमिट. दोन्ही गाड्यांचं करा आणि स्क्रीनशॉट ठेवा. टॅक्सीच्या बाजूने काही गडबड निघालीच, तरी टेम्पोच्या दृष्टीने तुम्ही निव्वळ त्रयस्थ आहात आणि तिथला विमा तुम्हाला लागू होतो. दोन्ही गाड्यांना जाबदार करा म्हणतो, त्याचं हे दुसरं कारण.

ॲप कंपनीला जाबदार करावं का? मी करतो. कायद्यात ॲग्रीगेटर म्हणजे प्रवासी आणि चालक यांना जोडणारा डिजिटल मध्यस्थ, आणि कंपन्या त्याच शब्दाचा आधार घेऊन ‘चालक आमचा नोकर नाही’ म्हणतात. उलट बाजूने, दुसऱ्याच्या मालकीची बस करारावर घेऊन चालवणाऱ्या राजस्थान परिवहन महामंडळाला, चालकावर नियंत्रण महामंडळाचं होतं म्हणून, सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली जबाबदार धरलेलं आहे. भाडं कोण ठरवतं, मार्ग कोण दाखवतं, चालकाला कोण बंद करू शकतं, या प्रश्नांची उत्तरं पाहिली तर तोच तर्क ॲप कंपनीपर्यंत ओढता येतो. तो टिकेल याची हमी मी देणार नाही. ही बाब अजून पक्की ठरलेली नाही. म्हणून सगळा दावा त्यावर उभारू नका. पण कंपनी समोर पक्षकार असली की प्रवासाची नोंद, वेगाची माहिती, चालकाची कागदपत्रं तिच्याकडून मागवून घेणं सोपं जातं, आणि तेवढ्यासाठीही तिला आत ठेवणं मला योग्य वाटतं. तोपर्यंत एक लेखी पत्र पाठवा: या प्रवासाचा जीपीएस आणि वेगाचा तपशील, चालकाशी झालेले संदेश आणि विम्याची कागदपत्रं जपून ठेवावीत, न्यायाधिकरणापुढे मागवली जातील. तुमच्या ॲपमधली प्रवासाची नोंद आणि ईमेलवर आलेली पावती आजच काढून ठेवा. पावतीवर दिसणारा गाडी नंबर आणि पंचनाम्यातला नंबर एकच आहे ना, ते तपासा. दाखवलेली गाडी एक आणि आलेली दुसरी, असं होतं, आणि ते उशिरा लक्षात आलं की फार त्रास देतं.

आता ‘उरलंय काय’ या घरच्यांच्या प्रश्नाकडे येतो, कारण सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. हॉस्पिटलचं बिल हा भरपाईचा एक भाग आहे, आणि तुमच्यासारख्या केसमध्ये तो सहसा सगळ्यात मोठा भागही नसतो. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जखमीच्या भरपाईची मांडणी करून दिली आहे: उपचार, औषधं, आहार, प्रवास; उपचाराच्या काळात बुडालेली कमाई; कायमच्या अपंगत्वामुळे पुढे बुडणारी कमाई; पुढचे उपचार; वेदना आणि त्रास; आणि आयुष्यातल्या साध्या सुखांना मुकणं. त्याच निकालात एक फार महत्त्वाचा भेद आहे. डॉक्टर दाखल्यात पायाचं किंवा शरीराचं किती टक्के अपंगत्व लिहितात, ते एक. आणि त्यामुळे तुमच्या विशिष्ट कामात कमावण्याची ताकद किती टक्के गेली, ते दुसरं. भरपाई दुसऱ्यावर ठरते. टेबलापाशी बसून हिशेब लिहिणाऱ्याचा पाय थोडा आखडला, तर त्याची कमाई कदाचित कमी होणार नाही. तुम्ही दिवसभर परांचीवर चढता-उतरता. तोच पाय तुमच्या बाबतीत नोकरीच घालवू शकतो.

आकड्यांत दाखवतो, म्हणजे अंदाज येईल. समजा कमावण्याची ताकद १५ टक्के कमी झाली असं न्यायाधिकरणाने धरलं. वर्षाची कमाई ३,८४,००० रुपये. प्रणय सेठी या २०१७ च्या घटनापीठाच्या निकालानुसार चाळिशीच्या आतल्या, कायम नोकरी नसलेल्या माणसाच्या उत्पन्नात भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के मिळवतात. ते झाले ५,३७,६००. त्याचे १५ टक्के म्हणजे वर्षाला ८०,६४० रुपयांचं नुकसान. सरला वर्मा निकालातल्या तक्त्याप्रमाणे ३६ ते ४० वयाला गुणक (वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणायचं तो वयानुसार ठरलेला आकडा) १५. गुणाकार होतो १२,०९,६००. हे फक्त पुढच्या कमाईचं. त्यावर बुडालेले पगार, वेदना, रॉड काढायचं ऑपरेशन, फिजिओथेरपी, आणि अर्जाच्या तारखेपासूनचं व्याज वेगळं. हा आकडा तुम्हाला मिळेलच असं मी म्हणत नाही. अपंगत्व पाच टक्केच ठरलं, तर तो एक तृतीयांश होईल. जुन्या पगारावर जुनंच काम तुम्ही पूर्ववत करत असाल, तर या सदराखाली फार थोडं मिळेल. पण ७५ हजारांच्या कागदावर सही करण्यापूर्वी हा हिशेब डोळ्यांसमोर असायला हवा.

आणि मेडिक्लेमने भरलेली रक्कम भरपाईतून वजा होते का? विमा कंपन्या हा मुद्दा हमखास काढायच्या आणि न्यायालयांचे निकालही दोन्ही बाजूंचे होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये निर्णय दिला की मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा करता येणार नाही. तुम्ही त्या पॉलिसीचे हप्ते स्वतः भरलेत. तुमच्या दूरदर्शीपणाचा फायदा धडक देणाऱ्याला का मिळावा, हा त्यामागचा विचार मला अगदी न्याय्य वाटतो. आयुर्विम्याच्या बाबतीत हेच तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच सांगितलं होतं. मूळ बिलं मेडिक्लेम कंपनीकडे गेली असतील, तर त्यांच्याकडून साक्षांकित प्रती आणि किती रक्कम मंजूर झाली त्याचं पत्र मागून घ्या.

चांगली केस कमकुवत होताना मी पाहतो ती कायद्याच्या मुद्द्यावर क्वचितच. बहुतेक वेळा पुरावा कमी पडतो. कमाईचंच घ्या. पगार रोख मिळत असेल, तर न्यायाधिकरण किमान वेतनाच्या आसपास अंदाज धरतं आणि वरचा सगळा हिशेब अर्ध्यावर येतो. बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्र, कंत्राटदाराचं पगारपत्रक, हजेरीची नोंद, सगळं गोळा करा आणि ते देणारा माणूस साक्षीला येईल का, हे आताच विचारून घ्या. नुसता दाखला जोडून भागत नाही, तो सिद्ध करावा लागतो. भरपगारी रजा खर्ची पडली असेल, तर तेही नुकसानच आहे. लोक ते मागायलाच विसरतात. घरच्या माणसाने काम सोडून तुमची शुश्रूषा केली असेल, तर त्याचीही भरपाई मागता येते, मग बाहेरची बाई ठेवलेली नसली तरी.

वैद्यकीय बाजूने सर्वात आधी हॉस्पिटलच्या एमएलसी नोंदीची (पोलिस प्रकरण म्हणून झालेली वैद्यकीय नोंद) आणि डिस्चार्ज कार्डाची प्रत. त्यात ‘पडून लागलं’ असं काही चुकीचं लिहिलं गेलं असेल, तर आजच सर्जनशी बोला. रॉड पुढे काढावा लागेल का, अंदाजे खर्च किती, याचं पत्र त्यांच्याकडून घ्या. अपंगत्वाच्या दाखल्याची घाई करू नका. हाड पूर्ण जुळून पाय जिथे स्थिरावायचा तिथे स्थिरावल्यावरच तपासणी करावी, नाहीतर कमी किंवा जास्त टक्के लिहिले जातात आणि दोन्ही अडचणीचे ठरतात. शक्यतो उपचार करणाऱ्या सर्जनकडूनच दाखला घ्या. ज्याने तुम्हाला कधी पाहिलेलं नाही अशा डॉक्टरचा भरघोस टक्केवारीचा दाखला उलटतपासात टिकत नाही. दाखल्यात नुसती टक्केवारी नको. उकिडवं बसता येतं का, जिना चढता येतो का, वजन उचलता येतं का, हे लिहिलेलं असावं. तुमच्या कामाशी जोडणारा धागा तोच आहे.

वकील निवडताना एक सांगतो. निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवून फी घेणं वकिलांना नियमाने मना आहे. हॉस्पिटलच्या दारात भेटून ‘आधी काही देऊ नका, निम्मे निम्मे करू’ म्हणणाऱ्यापासून दूर राहा, आणि कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या धनादेशावर सही कोणालाही देऊ नका. खर्च पेलत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा. भरपाई थेट तुमच्या बँक खात्यात जमा व्हावी, असा आग्रह धरा.

वेळ किती लागेल, ते न्यायाधिकरणाच्या कामाच्या ओझ्यावर आहे. लढवलेल्या दाव्याला वर्षं जातात, हे धरून चला. मध्येच लोकअदालतीत तडजोडीचा प्रस्ताव येईल. मी तडजोडीच्या विरोधात नाही. रक्कम हिशेबाच्या जवळ असेल आणि पैशाची नड असेल, तर थोडं कमी घेऊनही मिटवणं शहाणपणाचं असतं. फक्त लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. म्हणून पाय स्थिरावण्याआधी, दुसरं ऑपरेशन होणार की नाही हे कळण्याआधी, तिथे आकडा मान्य करू नका.

तुम्ही पाटीचा रंग, दोन्ही पॉलिसींचे तपशील आणि ॲप कंपनीच्या त्या कागदावरचा नेमका मजकूर कळवलात, तर टॅक्सीच्या विमा कंपनीचा बचाव कितपत टिकेल ते मी अधिक नेमकेपणाने सांगू शकेन. पण त्याची वाट न पाहता या आठवड्यात पोलिस ठाण्यातून एफआयआर, पंचनामा आणि अपघात अहवालाच्या प्रती घ्या आणि अर्जाचं काम वकिलाकडे सोपवा.